गाडीखालचे शनिवार

पानगळीच्या दिवसांत दर शनिवारी सकाळी मी फुलपात्रभर पाणी घेऊन गाडीपाशी येते. कापडी टप मागे दुमडून बसतो, त्या खोबणीच्या कोपऱ्यात, सीटच्या पाठीमागे, ते पाणी सावकाश ओतायचं. मग लगेच गुडघे टेकून मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली बघायचं. धार लागली तर नळी मोकळी आहे. थेंब थेंब आलं तर नळी भरत चालली आहे. आणि काहीच आलं नाही, तर ते पाणी आत पत्र्याच्या थरांमध्ये जाऊन बसलं आहे आणि तिथे आता महिनोन् महिने राहणार आहे. उजवीकडे एक फुलपात्र, डावीकडे एक. अकरा वर्षं झाली, यात खंड नाही.

गाडी १९९१ सालची. नाव युनोस रोडस्टर. जगभर तिला माझदा एमएक्स-५ म्हणतात, अमेरिकेत मियाटा. जपानमध्ये माझदाने ती युनोस या वेगळ्या नावाखाली विकली. दोनच सीट, चार सिलिंडरचं १५९७ सीसीचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, टप हाताने उघडायचा, आणि दिवे लावले की झोपेतून डोळे उघडावेत तसे वर येणारे हेडलाइट. वजन हजार किलोच्या आत. जपानमध्येही स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे तिथल्या वापरलेल्या अशा हजारो गाड्या बोटीने इंग्लंडला आल्या. वेग मैलांत दाखवायची सोय केली, मागे फॉग लाइट बसवला, की इथल्या रस्त्यावर चालायला मोकळ्या. माझ्या गाडीच्या बॉनेटखाली जपानी लिपीतलं एक पिवळं पडलेलं लेबल अजून आहे. ते पुसताना मी फडकं ओलं करत नाही.

मी रेडिंगला राहते, लंडनच्या पश्चिमेला, रेल्वेने अर्ध्या तासावर. आठवडाभर माझं काम संगणकावर हिशोब तपासण्याचं. या गाडीवर माझा जीव आहे हे सांगायला मला संकोच वाटत नाही. तिच्यातून जाताना रस्ता हाताला कळतो, वाऱ्यातला गवताचा वास नाकाला कळतो, आणि ताशी चाळीस मैलांनाही आपण कुठेतरी निघालो आहोत असं वाटतं. पण आज लिहायचं आहे ते चालवण्याबद्दल नाही. गाडी उभी असताना, तिच्याखाली आणि तिच्याभोवती जे शनिवार गेले, त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

जुन्या गाडीचं इंजिन आधी जातं असं बहुतेकांना वाटतं. या गाडीचं इंजिन सहसा जात नाही. त्याचा ब्लॉक बिडाचा आहे, आणि टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांवर बदलायचा असतो. तो चुकून तुटलाच, तरी या १.६ लिटरच्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. गाडी मरते ती पत्र्याने. छप्पर नसलेल्या गाडीचा ताण खालच्या अंगावर येतो. दाराखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी लांब पोकळ पेटी असते, तिला इथे सिल म्हणतात. घराला जोतं तशी ही पेटी. टपावरून ओघळणारं पाणी पकडायला मागे एक पन्हाळ दिली आहे, आणि पन्हाळीच्या दोन्ही टोकांना दोन नळ्या. शेजारच्या बर्चचं बारीक बी, कुजलेली पानं, टपाच्या कापडाचे धागे, सगळं त्या नळ्यांत उतरतं. नळी तुंबली की पाणी उलटं चढतं, आत सांडतं, आणि सिलच्या मागच्या टोकाला जाऊन साचतं.

हे मला गाडी घेतल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात कळलं. दार उघडलं की भिजलेल्या गोणपाटासारखा वास यायचा. कार्पेटवर हात ठेवला तर वरून कोरडं. बोल्ट काढून सीट बाहेर घेतली, कार्पेट उचललं, तेव्हा खालच्या जाड थरातून पाणी अक्षरशः पिळून निघालं. आधीच्या कुणीतरी सिलच्या बाहेरच्या भोकावर लांबी भरून वर रंग मारला होता. दिसायला सुंदर.

ऑक्सफर्डशायरमधल्या एका खेड्यात, घोड्यांच्या जुन्या तबेल्यात काम करणारा एक वेल्डर मला कुणीतरी सुचवला. वय साठीच्या पुढे, बोलणं मोजकं. त्याने स्क्रूड्रायव्हरची मूठ पत्र्यावर पुढून मागे आपटत नेली आणि मला फक्त ऐकायला सांगितलं. दाराखाली आवाज टणक होता. मागच्या चाकाच्या वीतभर अलीकडे तो बद्द झाला, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. तिथे त्याने ग्राइंडर लावला. कापून काढलेला तुकडा माझ्या हातात दिला तेव्हा त्यातून पापुद्रे सुटले, खारीचे सुटतात तसे, एकावर एक, आणि तळहातावर तपकिरी भुगा राहिला. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि दोघांच्या मधला आधाराचा पत्रा असे तीन थर तिथे असतात. मधला जवळजवळ नाहीसाच झाला होता. तो म्हणाला, गंज बाहेर दिसतो तेव्हा आतलं काम उरकलेलं असतं. दोन्ही बाजूंचे मिळून नऊशे पौंड झाले. त्याने प्रत्येक थर वेगळा बनवून, वेगळा जोडून दिला, म्हणून मला ते पैसे जड वाटले नाहीत. निघताना त्याने सांगितलं की पत्रा पूर्ण सुकल्यावर लांब नळीने आत मेणाचा फवारा मार, आणि पन्हाळीच्या नळ्या साफ ठेव. या दोन गोष्टी केल्यास तर माझ्याकडे परत यायचं कारण नाही.

इंग्लंडमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट जिथे जोडला आहे, त्याच्या तीस सेंटीमीटरच्या आत मोठा गंज असला तर गाडी नापास. सिलचं मागचं टोक नेमकं त्या टापूत येतं. म्हणजे एरवी धडधाकट असलेल्या किती गाड्या दोन तुंबलेल्या नळ्यांपायी भंगारात गेल्या असतील, याचा विचार केला की माझा जीव तुटतो. नळी साफ करायला लागते गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी, दोन हात लांब. टोक मेणबत्तीवर गोल करून घ्यायचं आणि फिरवत फिरवत सोडायची. जोर लावायचा नाही, कारण खालच्या बाजूला रबर आहे आणि ते निसटलं की पुन्हा बसवणं फार अवघड. दहा मिनिटांचं काम.

*

माझे बाबा पिंपरीत एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. चौतीस वर्षं. लहानपणी आम्ही त्यांना कामावर जाताना आणि येताना पाहिलं, काम करताना कधीच नाही. मला कारखाना दिसायचा तो फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी घरच्या माणसांना आत सोडत. लेथ, ड्रिल, प्रेस, सगळी यंत्रं धुऊनपुसून उभी, त्यांना झेंडूच्या माळा, आणि बाबा आपल्या पान्यांच्या पेटीला हळदकुंकू वाहताना. घरी कधी न दिसणारी एक शांतता तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असायची. त्या पेटीत काय काय आहे हे विचारायचं माझ्या मनात होतं, पण मुलीने ते विचारायचं असतं हेच तेव्हा मला माहीत नव्हतं.

या वर्षी मे महिन्यात ते सहा महिन्यांसाठी आले. गुडघे दुखतात, त्यामुळे गाडीखाली जाणं शक्य नाही. पहिल्या शनिवारी त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची बाहेर आणून गाडीच्या डाव्या अंगाला मांडली आणि म्हणाले, ‘तू काम कर. मी बघतो.’ मी जॅक लावून गाडी उचलली आणि स्टँड ठेवले. ते उठले, गाडीच्या कडेला दोन्ही हात लावून त्यांनी ती जोरात हलवून पाहिली. एकदा नाही, चारही बाजूंनी. ‘घोडीवर गाडी नीट बसली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. हलवल्याशिवाय खाली जायचं नाही, कळलं ना?’ अकरा वर्षं मी एकटी गाडीखाली जात होते आणि गाडी कधी हलवून पाहिली नव्हती.

मागच्या ब्रेकचा कॅलिपर काढायचा होता. बोल्ट गंजलेला. मी पाना लावला तसं ते म्हणाले, ‘आज तेल, उद्या पाना.’ शुक्रवारी रात्री तेल सोडायचं, हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके चार ठोके द्यायचे, आणि सकाळी आधी किंचित घट्ट करायचा, मग उलटा. गंजाचा थर तुटतो तो या घट्ट करण्यात. आणि आवाज ऐकायचा. बोल्ट सुटताना एक कोरडा ‘कट्’ येतो, तो चांगला. ज्या बोल्टचा पीळ रबरासारखा मऊ लागतो आणि आवाज येत नाही, तो सुटत नसतो, तुटत असतो. तिथे हात थांबला पाहिजे. त्या रविवारी सकाळी कोरडा ‘कट्’ आला. बाबा खुर्चीतून काही बोलले नाहीत, फक्त आईच्या जुन्या सुती साडीचं फडकं माझ्या हातात दिलं. कारखान्यातलं कॉटन वेस्ट इथे मिळत नाही, म्हणून ते फडक्यांची गठडीच घेऊन आले होते.

चाक परत लावताना एक गोष्ट घडली. पुस्तकात नट किती घट्ट करायचे याचा आकडा आहे. मी टॉर्क रेंच शंभर न्यूटन मीटरला लावते. बाबांनी तो रेंच बाजूला ठेवायला सांगितला, खुर्ची सरकवून बसल्या बसल्याच साध्या पान्याने चारही नट आळीपाळीने, समोरासमोरचे, आवळले आणि म्हणाले, ‘आता तुझा रेंच लाव.’ पहिला नट, रेंच जेमतेम हलला आणि टक् वाजला. दुसरा, तसाच. चौथ्यापर्यंत मी काही बोलू शकले नाही. निवृत्त होऊन सतरा वर्षं झालेल्या माणसाच्या मनगटात तो आकडा होता. त्यांनी मात्र पुढच्या वेळी माझ्याकडून रेंचनेच करून घेतलं. ‘माझा हात सवयीचा आहे. तुझा होईपर्यंत यंत्राचं ऐकायचं.’

*

या गाडीची जन्मकथा मी त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगितली. रेडिंगपासून तासाभराच्या आत अ‍ॅबिंग्डन गाव आहे. तिथे एमजीच्या स्पोर्ट्सकार बनत, आणि तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. उघड्या, हलक्या, परवडणाऱ्या इंग्लिश गाड्यांचा काळ जवळपास तिथेच संपला. त्याच्या आदल्या वर्षी, १९७९ मध्ये, बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोटो यांना सुचवलं होतं की अशी साधी, हलकी, दोन सीटची गाडी आता कुणी करत नाही, तुम्ही करा. हॉलला जपानी येत होतं. पुढे तो माझदाच्या कॅलिफोर्नियातल्या कार्यालयातच कामाला लागला. गाडीचा चालता नमुना १९८५ मध्ये बांधला गेला तो इंग्लंडमध्ये, वर्दिंग या समुद्रकाठच्या गावातल्या एका अभियांत्रिकी कंपनीत, आणि तो चालवून पाहिला कॅलिफोर्नियात, सांता बार्बराच्या रस्त्यांवर. तोशिहिको हिराई हे मुख्य अभियंता. ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव, हे त्यांनी गाडीचं सूत्र ठरवलं. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. २००० साली सर्वांत जास्त खपलेली दोन सीटची उघडी स्पोर्ट्सकार म्हणून गिनीज बुकात गेली, तेव्हा आकडा पाच लाख एकतीस हजारांच्या वर होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी हिरोशिमात तयार झाली.

बाबांना आकड्यांत रस नव्हता. त्यांनी विचारलं, ‘बनवणाऱ्याने हाताला जागा ठेवली आहे का?’

ठेवली आहे, बहुतेक ठिकाणी. बॉनेट उघडलं की इंजिन लांबीने उभं, दोन्ही बाजूंना मनगट जाईल एवढी मोकळीक. स्पार्क प्लग वर, सरळ रेषेत, पाच मिनिटांत निघतात. हेडलाइटची मोटर बंद पडली तर तिच्यावरची रबरी टोपी काढून आतली मूठ हाताने फिरवायची, दिवा वर येतो. हँडब्रेक सैल झाला तर मागच्या कॅलिपरमागचा एक बोल्ट काढून आतला षटकोनी स्क्रू चाक अडेपर्यंत आवळायचा आणि एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचा. आणि रेडिएटर तर आपण होऊन सांगतो: वरची काळी प्लास्टिकची टाकी जुनी होत आली की तपकिरी पडते. तो रंग दिसला की फुटायची वाट बघायची नाही. एकाच ठिकाणी मात्र माझी तक्रार आहे. ऑइल फिल्टर इनटेकच्या पायपांखाली असा दडवला आहे की खालून हात घालून, न बघता, बोटांनीच शोधावा लागतो, आणि सुटला की गरम तेल कोपरापर्यंत येतं. बाबा म्हणाले, प्रत्येक यंत्रात अशी एक जागा असतेच.

माझ्या कपाटावर या गाडीचं हेन्सचं पुस्तक आहे. पानांवर माझ्या आणि आधीच्या मालकाच्या बोटांचे काळे ठसे आहेत. जॉन हेन्स ब्रिटिश हवाई दलात होते. १९६५ मध्ये एडनला असताना एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट, तीही लहानशी स्पोर्ट्सकारच, दुरुस्त करायला त्यांनी मदत केली. कंपनीचं पुस्तक साध्या माणसाच्या कामाचं नाही हे त्यांच्या लक्षात आलं. मग गाडी खोलताना आणि जोडताना एकेका पायरीचे फोटो काढत गेले. १९६६ मध्ये आलेल्या त्या पहिल्या पुस्तकाच्या तीन हजार प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या. बाबांनी ते सगळं चाळलं, इंग्रजी फारसं न वाचता, नुसती चित्रं बघत. मग म्हणाले, ‘हे लिहिणाऱ्याने स्वतः हात काळे केलेत. न खोलता काढलेलं चित्र वेगळं दिसतं.’

*

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी क्लच गेला. आठवडाभर सकाळी रिव्हर्स टाकताना करकर होत होती. त्या दिवशी पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. बॉनेटखालच्या क्लचच्या छोट्या डबीत तेल तळाला, काळं. गाडीखाली जाऊन गिअरबॉक्सला लावलेल्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर नखाने मागे सारलं आणि तळहातावर तीन काळे थेंब पडले. आतली सील गेली होती. या गाडीचं हे ठरलेलं दुखणं आहे, आणि नवा सिलिंडर तीस पौंडांच्या आत मिळतो. दोन बोल्ट आणि एक पाइप. पाइपचा नट मऊ असतो, साध्या पान्याने त्याचे कोपरे झिजतात, म्हणून पाच बाजूंनी पकडणारा फ्लेअर पाना हवा. हे तेल रंग खातं, तेव्हा जवळ पाण्याची बादली ठेवायची आणि थेंब उडाला की लगेच धुवायचं.

सिलिंडर बसला, आता पाइपातली हवा काढायची. या कामाला तीन माणसं असली तर बरं. मी गाडीखाली, ब्लीड निपलला पारदर्शक नळी लावून, तिचं टोक जॅमच्या बरणीतल्या तेलात बुडवून. माझी दहा वर्षांची लेक ड्रायव्हरच्या सीटवर, पुढे सरकून, पाय पेडलला. बाबा बॉनेटपाशी, डबीतली पातळी बघत आणि बाटलीतून भर घालत.

‘दाब.’

‘दाबलं.’

मी निपल पाव फेरा उघडला. बरणीत बुडबुडे. निपल बंद. ‘सोड.’

‘ते वर येत नाही.’

‘हाताने उचल.’

दाब, धर, सोड. पंधरा वेळा, वीस वेळा. बाबा मधेच ‘थांबा, तेल खाली गेलं’ म्हणायचे, भरायचे, ‘हं, चालू द्या.’ नळीत आधी फेस होता, मग सुटे बुडबुडे, मग बराच वेळ काही नाही, आणि मग आणखी एक मोठा बुडबुडा कुठून तरी सुटून आला. त्यानंतर नुसतं स्वच्छ, मधाच्या रंगाचं तेल.

वरून आवाज आला, ‘आई, आता ते माझ्या पायाला ढकलतंय!’

बाबांनी डबीचं झाकण लावलं, भोवतीचं सगळं पाण्याने पुसलं, आणि नातीला खाली उतरवून तिला तिच्या पायाचा जोर कुठून कुठे गेला ते दाखवलं: पेडल, दांडा, वरचा सिलिंडर, पाइप, खालचा सिलिंडर. ‘तू इथे दाबलंस आणि तिथे आईने निपल उघडला. मधल्या तेलाने तुझा जोर पोचवला. तेलात हवा असती तर तो वाटेत दबून गेला असता.’ मराठीतच सांगितलं, तिला सगळं कळलं. मी गाडीखालीच पडून ऐकत होते. मला हे असं कुणी समजावलं असतं तर, असं वाटलं, आणि त्याच वेळी ते मलाही समजावत आहेत हेही कळलं.

खंडेनवमीला त्यांनी माझी पान्यांची पेटी मागितली. रिंग पाने मापाने लावले, फ्लेअर पाना आणि टॉर्क रेंच वर ठेवला, नायलॉनच्या दोरीची गुंडाळीही ठेवली. इथे झेंडू महाग, पण दोन फुलं मिळाली. हळदकुंकू वाहून झाल्यावर गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. ‘यंत्रावर हात फिरत राहिला पाहिजे,’ एवढंच म्हणाले.

दसऱ्यानंतर ते पिंपरीला परतले. दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी इथे संध्याकाळपासून पाऊस लागला, रात्रभर थांबला नाही, आणि बर्चने उरलीसुरली पानं एकदम टाकली. शनिवारी सकाळी मी बाहेर आले तेव्हा टपाच्या कडेला पानांचा ओला थर चिकटला होता. मागच्या चाकांच्या पुढे, दोन्ही बाजूंना, फरशीवर पाण्याचा पुसट ओघळ होता. मी दार उघडलं, सीटमागे हात घातला आणि कार्पेट दाबून पाहिलं, खालच्या जाड थरापर्यंत.

फोन वाजला. तिकडे दुपार झाली होती.

‘पाऊस झाला म्हणे तिकडे. कोरडं आहे का गं?’

‘कोरडं आहे, बाबा.’

‘डावीकडचं पण बघ.’

मी फोन कानाला लावून पलीकडच्या दाराकडे गेले.